टर्बोवरचं कुंकू

गाडीचा टर्बो गेला तेव्हा मी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून घरी येत होते. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी गाडी ढिम्म, मागं निळा धूर आणि बॉनेटखालून कुणीतरी दात आवळून शिट्टी वाजवावी तसा आवाज. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. कसंबसं चेन्नईतलं मैलापूर गाठलं, गाडी घराच्या पोर्टिकोत लावली, आणि पुढचे दोन महिने ती तिथून हलली नाही.

टर्बो म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूनं एक लहानसं पातीदार चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. दांडा इतक्या वेगानं फिरतो की गुंजभर वजन इकडचं तिकडं झालं तरी तो थरथरतो आणि स्वतःच्याच बेअरिंगा खाऊन टाकतो. माझ्या टर्बोनं त्या खाल्ल्या होत्या.

माझं शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी क्वालिटीतली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर सही करायची किंवा करायची नाही, एवढंच. नोकरीला लागल्यापासून मी स्वतःच्या हातानं एक नट आवळला नव्हता. वर्कशॉपवाल्यानं नव्या टर्बोची किंमत सांगितली आणि वर सल्ला दिला की एवढ्यात तर मॅडम, दुसरी जुनी गाडीच येईल. तो सल्ला बरोबर होता, म्हणूनच माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी जाहीर केलं की टर्बो मी स्वतः बसवणार.

घर सासऱ्यांचं. ही माणसं तंजावरची मराठी, कित्येक पिढ्या तमिळनाडूत. सासऱ्यांना मी अप्पा म्हणते, सासूबाईंना अम्मा, कारण घरात सगळे तसंच म्हणतात. अप्पा विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के, आणि ते पक्के आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत असावं अशी त्यांची इच्छा. अम्मांची मराठी जुन्या कागदांतल्यासारखी, जेथे-तेथेवाली, आणि मध्येच तमिळ. नवरा आईशी तमिळमध्ये बोलतो, माझ्याशी इंग्रजीत, आणि मराठी फक्त माझ्या आईशी फोनवर, तीही तोंडी परीक्षा दिल्यासारखी. मी कोल्हापूरची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं तरी अम्मांचं अर्धं बोलणं मला समजत नव्हतं आणि माझं अर्धं त्यांना. आम्ही एकमेकींशी सभ्यपणे, छोटी छोटी वाक्यं बोलायचो. मीठ हवं का. वाळत घालू का. झालं.

गाडी मात्र माझी. कोल्हापूरच्या पहिल्या नोकरीत असताना घेतलेली जुनी डिझेल. लग्नानंतर माझं सामान भरून मी आणि नवऱ्यानं ती आळीपाळीनं चालवत चेन्नईला आणली. त्या घरात मी येण्याआधीपासून माझी असलेली तेवढी एकच वस्तू होती. ती भंगारात जाणार हा विचार मला सहन होत नव्हता, आणि का होत नाही हे मला नीट सांगताही येत नव्हतं. नवरा विचारायचा, ‘कंपनीची बस आहे ना?’ आहे. मग? मग काही नाही.

आता कुठला टर्बो घ्यायचा. इथून माझ्या गोंधळाला सुरुवात झाली. माझ्या गाडीचंच इंजिन दुसऱ्या एका मोठ्या गाडीत येतं, तिचा टर्बो जरा मोठा, आत हलणाऱ्या पाकळ्या असलेला. तो बसवला की गाडी उडते, असं इंटरनेटवरचे लोक म्हणत. दुसरे म्हणत, उडते, पण मग इंजिनच उडतं. पाकळ्या हलवायला गाडीचा कंप्युटर बदलावा लागतो. नाही, नुसती स्प्रिंग लावली तरी चालतं. तेलाची नळी जुळत नाही. जुळते, थोडी वाकवली की. मी तीन आठवडे रोज बसमध्ये हेच वाचत होते. जितकं वाचत गेले तितकं कमी कळत गेलं. कारखान्यात मी लोकांना विचारते, स्पेसिफिकेशन कुठे आहे. इथे स्पेसिफिकेशन नव्हतंच. नुसती माणसं होती आणि प्रत्येकाला खात्री होती.

शेवटी एका शनिवारी पुदुपेटला गेले. जुन्या गाड्यांचे भाग मिळतात तो बाजार. एका दुकानदारानं माझ्यासमोर पोत्यावर तीन टर्बो मांडले आणि तिन्ही अगदी तुमच्याच गाडीचे, असं शपथेवर सांगितलं. तिन्हींच्या पट्ट्यांवरचे आकडे वेगळे होते. मी आकडे दाखवले तर तो म्हणाला की आकडे कंपनीवाले उगाच टाकतात. मी प्रत्येकाचा दांडा बोटानं हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला तर चालतो, मागेपुढे हलता कामा नये, इतकं मी शिकले होते. मोठ्या टर्बोचा दांडा मागेपुढे चांगला खडखडत होता. दुसऱ्याच्या पात्यांना दाते पडले होते. तिसऱ्याचा दांडा ढिला होता, पण पाती कोरी. तो माझ्याच जातीचा, लहान, साधा टर्बो निघाला. तीन आठवड्यांच्या अभ्यासानंतर मी तेच घेऊन आले जे आधीपासून माझ्या गाडीत होतं. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

बेअरिंगा आणि सील यांचा संच वेगळा मागवला. आणि पोर्टिकोत, गाडीच्या शेजारी, वर्तमानपत्र पसरून मी कामाला बसले. पहिल्याच नटाशी अर्धा रविवार गेला. नंतर लक्षात आलं की त्याचे आटे उलटे असतात आणि मी तो सोडवत नसून आवळत होते. अप्पा आरामखुर्चीतून बघत होते. पेपर मात्र फार वेळ एकाच पानावर होता.

तेवढ्यात नवरात्र आलं. आमच्याकडे गोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्यांची रांग, आणि नऊ दिवस संध्याकाळी बायका बघायला येतात. त्या पट्टूच्या, म्हणजे रेशमी, साड्या सावरत, माझ्या तेलाच्या डब्याला वळसा घालून आत जायच्या. तिसऱ्या दिवशी एकीच्या काठाला ग्रीस लागलं. अप्पा मला शांतपणे म्हणाले, की हे असं कुठवर. चार पाहुण्या ऐकत होत्या. माझं तोंड सुटलं. मी म्हणाले, “दसऱ्याला गाडी चालू झाली नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकेन.” अप्पांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी तो शब्द झाला. मला कुणी मागितला नव्हता, मीच दिला होता.

मग मात्र मी झपाटल्यासारखं काम केलं. उघडायच्या आधी करायची एक गोष्ट मी बरोबर केली होती. दांडा, चाक आणि नट हे तिघं कारखान्यात एकत्र तोललेले असतात, सुटे केले तर पुन्हा त्याच कोनात बसवायला हवेत. म्हणून मी पांढऱ्या पेंटच्या मार्करनं तिघांवर एका रेषेत तीन ठिपके दिले होते. फोटो काढला नव्हता. फोटो काढल्याशिवाय काही सुटं करू नका हे मी कारखान्यात रोज लोकांना सांगते. स्वतःच्या पोर्टिकोत मला ते सुचलं नाही. सगळे भाग एका स्टीलच्या ताटात मांडून ठेवले. अष्टमीला बेअरिंगा हातात आल्या. आता फक्त जोडायचं होतं.

नवमीला इथे आयुधपूजा. कोल्हापूरकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात, पण इथला थाट वेगळा. रिक्षापासून लेथपर्यंत सगळं धुऊन, चंदन-कुंकू लावून ठेवतात आणि त्या दिवशी हात लावत नाहीत. सकाळी आमच्या कारखान्यात पूजा होती. मी गेले, चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतला आणि दुपारी घरी परत आले.

पोर्टिकोत माझं ताट चकाकत होतं. अम्मांनी एकूण एक भाग चिंचेनं घासला होता, पुसून कोरडा केला होता, प्रत्येकावर चंदनाचं बोट आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. ताटाभोवती शेवंतीची माळ. गाडीच्या चाकांखाली लिंबं. त्या स्वतः बाजूला उभ्या होत्या, हात पदराला पुसत, आणि माझ्याकडे बघून हसल्या. पांढरा ठिपका कुठेच नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहायला लाज वाटते. ही काय समई आहे का घासायला, असं विचारलं हे नक्की आठवतं. या घरात माझ्या एका वस्तूला माझी म्हणून राहू देत नाहीत, असंही म्हणाले. चांगली दहा मिनिटं बोलत होते, अस्सल कोल्हापुरीत, दीड वर्षात कधी बोलले नव्हते इतकं. आणि बोलता बोलता मी डिझेलचं फडकं उचललं आणि एकेक भाग खसाखसा पुसून काढला. चंदन, कुंकू, सगळं. पूजेच्या दिवशी, त्यांच्यासमोर. अम्मा फक्त म्हणाल्या, “सरी.” म्हणजे बरं.

आवाज ऐकून अप्पा न्हाणीघरातून आले तेव्हा ताट कोरं झालं होतं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, खुणा गेल्या, अम्मांनी घासून काढल्या. त्यावर ते अम्मांवर तमिळमध्ये जे कडाडले ते मला शब्दन् शब्द कळलं, कारण रागावलेला माणूस सोप्या भाषेत बोलतो. तुला कुणी सांगितलं होतं, तुला त्यातलं काय कळतं, एवढंच पुन्हा पुन्हा. नवरा फोन कानाला लावून गच्चीवर गेला. दोघांच्या भांडणात न पडण्याची कला त्याला लहानपणापासून येते. खरं सांगायचं तर, अप्पा ओरडत होते तेव्हा मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. सकाळी चहा घेत मी गोलूसमोर बसले होते. अम्मा कालचं कुंकू बदलत होत्या. शिवणयंत्रावरचा वाळलेला ठिपका ओल्या फडक्यानं पुसला, नवा लावला. मग ग्राइंडरवरचा. मग उंबऱ्यावरचे. मी बघत होते, आणि हळूहळू मला काहीतरी दिसायला लागलं. जुना ठिपका जिथे होता, नवा नेमका तिथेच. बोटभरही इकडे तिकडे नाही. शिवणयंत्राचं रंगकाम त्या एका जागी झिजून पत्रा दिसत होता.

मी विचारलं, की माझ्या त्या भागांवर पांढरे ठिपके होते, तेव्हा कुंकू कुठे लावलं होतं.

“जेथे पांढरे होते तेथेच,” अम्मा म्हणाल्या. “मला वाटले, तू काही पूजा केलेली असशील. आधीचे पुसले, नवे तेथेच लावली मी. देवाचे कुंकू कोण सरकवते?”

म्हणजे खुणा गेल्या नव्हत्या. पांढऱ्याच्या जागी लाल झाल्या होत्या, आणि त्या मी पुसल्या होत्या, डिझेलच्या फडक्यानं. मी अम्मांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोर्टिकोत पडलेल्या फडक्याकडे. त्यांना कळलं हे मला कळलं. त्या पुन्हा उंबऱ्याकडे वळल्या.

मी उठून अप्पांना सांगायला हवं होतं. तेवढ्यात अप्पाच बाहेर आले. रात्रभर विचार केल्यासारखे दिसत होते. म्हणाले, की चूक या घराकडून झाली, तेव्हा दसऱ्याची मुदत धरता येणार नाही. गाडी हवी तितके दिवस राहू दे. हे त्यांनी अम्मांकडे न बघता सांगितलं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. खरं सांगितलं तर चूक माझी, मुदत कायम आणि गाडी उद्या भंगारात. गप्प बसले तर गाडी माझी. मी गप्प बसले. इतकं साधं होतं ते.

बाजार दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी रजा टाकून मी दांडा, चाक आणि नट फडक्यात गुंडाळून पुदुपेटच्या एका बॅलन्सिंगवाल्याकडे नेले. खुणा पुसल्या गेल्याचं इतक्या पडेल चेहऱ्यानं सांगितलं की त्यानं मला आधी खुर्ची दिली. मग म्हणाला, की खुणा असत्या तरी त्यानं त्या मानल्या नसत्या. जुना दांडा झिजलेला असतो, नव्यानं तोलावाच लागतो. त्यानं तिन्ही भाग जोडून यंत्रावर फिरवले, नटाच्या कडेचं चिमूटभर धातू घासला, पुन्हा फिरवले, आणि विजेच्या पेन्सिलीनं तिघांवर कधीच न पुसली जाणारी रेघ ओढून माझ्या हातात दिले. अर्धा तास लागला. मी बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. ज्या खुणांसाठी मी घर डोक्यावर घेतलं त्यांची गरजच नव्हती. मग मी भांडले कशासाठी? समोरून तीन बसगाड्या गेल्या.

घरी चार दिवस वेगळेच चालले होते. अम्मा पोर्टिकोत पाऊल टाकत नव्हत्या. तुळशीला पाणी घालायलाही मागच्या दारानं फिरून जायच्या. माझा डबा भरायच्या, पण तो ओट्यावर ठेवून बाजूला व्हायच्या, हातात द्यायच्या नाहीत. अप्पा त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. मी टर्बो जोडत होते. तेल घालून दांडा बोटानं फिरवला तर तो आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिला. इतका सुंदर की एरवी मी सगळ्यांना हाका मारून दाखवला असता. कुणाला हाक मारू हे कळेना.

रविवारी सकाळी गाडी चालू झाली. पहिल्यांदा थोडा धूर, जुन्या तेलाचा, मग साफ. अप्पांना घेऊन मी समुद्रापर्यंत चक्कर मारली. ते खूश होते. परत आलो तर शेजारचे गृहस्थ फाटकाशी उभे. अप्पांनी खिडकीतूनच त्यांना सांगितलं, की आमच्या बाईंनी सगळं काम बिघडवलं होतं, सुनेनं निस्तरलं. दोघं हसले. आत, दाराच्या जाळीमागे अम्मा उभ्या होत्या. त्या तिथून हलल्या नाहीत, ऐकत राहिल्या. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली.

दुपारी जेवताना मी सांगितलं. अप्पांच्या पानात ताकभात होता, नवरा फोनमध्ये बघत होता. मी म्हणाले, “खुणा अम्मांनी पुसल्या नाहीत. मी पुसल्या.” आणि कुंकू कुठे लावलं होतं, फडकं कुणी फिरवलं, मला कधी कळलं आणि मी का गप्प बसले, सगळं एका दमात. नवऱ्यानं फोन पालथा ठेवला. शेवटी मी म्हणाले, की मुदत दसऱ्याची होती आणि चूक माझी होती, तेव्हा दिलेल्या शब्दाप्रमाणे गाडी उद्या देते.

अप्पांनी भात कालवला. मग म्हणाले, की शब्द तर शब्दच. त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांना ते म्हणायचं नव्हतं हे दिसत होतं, पण दुसरं काही म्हणणं त्यांना येत नव्हतं. मी मान हलवली. इतकी मेहनत करून चालू केलेली गाडी मी उद्या स्वतःच्या हातानं देणार होते, आणि मला वाईट वाटत होतं ते गाडीचं की कशाचं, ते तेव्हाही ठरवता आलं नाही.

अम्मा वाढायला उभ्या होत्या. त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि अप्पांना मराठीत विचारलं, “ही सांगितली. तुम्ही मजवर ओरडला, ते कोठे गेले?”

अप्पांनी वर पाहिलं. या घरात मी त्यांना उत्तर शोधताना कधी पाहिलं नव्हतं. ते काहीतरी पुटपुटायला लागले, हात तसाच ताकानं माखलेला.

“माफी नको मला,” अम्मा म्हणाल्या. “ह्या वयात ती घेऊन कोठे ठेवू? तिची गाडी राहू दे. पोदुम.” पुरे.

अप्पांनी मान डोलावली, सकाळी फाटकाशी हसलेल्या त्याच माणसानं, आणि पुन्हा भाताकडे वळले. गाडी राहिली. नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. मी अम्मांकडे बघत होते. अप्पा नुसते ओरडले होते, मी तर त्यांच्यासमोर कुंकू पुसलं होतं. आता माझ्याकडे वळतील, काहीतरी मागतील, निदान विचारतील. मी वाट बघत राहिले. त्यांनी ताकाचं भांडं उचललं, माझ्या वाटीत थोडं ओतलं, आणि आत गेल्या.